साहस कशासाठी? : पंडिता रमाबाईंची पायपीट आणि डॉ. सॉमरव्हेल यांचे एव्हरेस्ट

पावसाळा सरत आला की आपल्या महाविद्यालयात सहलींची बोलणी सुरू होतात. कुणी म्हणतो, मनुदेवीचा धबधबा पाहून येऊ. कुणाला रावेर तालुक्यातले पाल गाठायचे असते. कुणी चाळीसगावकडच्या पाटणादेवीच्या रानातून डोंगर चढण्याचा बेत मांडतो. केळी आणि कपाशीच्या सपाट शेतांत वाढलेल्या आम्हा असोदेकरांना तर डोंगराची ओढ जरा अधिकच. सहल होते. वाट चुकते, पाणी संपते, एखाद्याचा पाय मुरगळतो, आणि पुढचे आठ-पंधरा दिवस त्या गोष्टी वर्गाबाहेर रंगवून सांगितल्या जातात. मग परीक्षा येतात आणि सारे विसरले जाते.

साहसाने माणसाला काय मिळते, असे विचारले तर धाडस, सहनशक्ती आणि शिस्त हे उत्तर आपल्याला तोंडपाठ असते. एन.सी.सी. आणि एन.एस.एस.च्या शिबिरांत ते अनेकदा ऐकलेले असते, आणि ते खोटेही नाही. परंतु धाडस दरोडेखोराकडेही असते, आणि सहनशक्ती तर गाढवाकडेही असते. तेव्हा हे गुण मिळाल्यावर ते कुणाच्या कामी येतात, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रस्तुत लेखात ख्रिस्ती विचारपरंपरेतील दोन व्यक्तींच्या अनुभवांतून ह्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे. एक आहे आपली मराठी विदुषी, जिच्यावर दुष्काळाने साहस लादले. दुसरा आहे एक इंग्रज शल्यचिकित्सक, ज्याने साहस हौसेने निवडले. दोघांच्या वाटा अगदी निराळ्या. पण त्या जिथे जाऊन मिळाल्या ते ठिकाण एकच आहे.

वाटेवरचा गुरू

बायबलमधील शुभवर्तमाने वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. येशू ख्रिस्त घराच्या चार भिंतींत फारसा दिसत नाही. तो अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहतो, डोंगरावर बसून शिकवतो, गालील सरोवरातल्या वादळात नावेत असतो, आणि बहुतेक वेळ पायी चालत असतो. त्याच्या शिकवणुकीतल्या दोन प्रसंगांचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे.

पहिला प्रसंग विहिरीवरचा. भर दुपारी चालून थकलेला येशू शोमरोन प्रांतातील एका विहिरीच्या काठावर बसतो. पाणी भरायला एक शोमरोनी स्त्री येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यातून ती बाई गावात बदनाम झालेली. अशा स्त्रीपाशी येशू पिण्यास पाणी मागतो. गुरूने तहानलेल्याला पाणी पाजले, अशी गोष्ट कुठेही सापडेल. इथे गुरू स्वतः तहानलेला आहे आणि हात त्याने पुढे केला आहे. खानदेशात ज्याने चैत्र-वैशाखात विहिरीवरची रांग आणि तिथला शिवाशिवीचा जुना रिवाज ऐकला आहे, त्याला ह्या प्रसंगाचा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

दुसरा प्रसंग यरुशलेमहून यरीहोस उतरणाऱ्या रस्त्यावरचा आहे. हा रस्ता सुमारे २५ ते ३० कि.मी. अंतरात हजार मीटर खाली उतरतो. ओसाड डोंगरांतली वाट ती. येशूने सांगितलेल्या दाखल्यात ह्या वाटेवर एका प्रवाशाला चोर लुटतात आणि अर्धमेला करून टाकतात. धर्माचे मोठे अधिकारी बाजूने निघून जातात. मग एक परका शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देऊन ठेवतो.

दोन्ही प्रसंगांत प्रवास पुरा केल्याबद्दल कुणाची वाहवा केलेली नाही. कोण किती लवकर यरीहोस पोचला, ह्याला तिथे किंमत नाही. वाटेत भेटलेल्या माणसाशी प्रवासी कसा वागला, एवढेच पाहिले आहे. ही कसोटी हातात धरून आता आपण पुढे जाऊ.

पासोडी, भाकरी आणि वाळूतला खड्डा

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचे त्यांनी ठरवले म्हणून लोकांचा रोष झाला, आणि ते रानात जाऊन राहिले. रानातल्या त्यांच्या पहिल्या रात्रीची हकीकत प्रसिद्ध आहे. निवारा उभा राहिला नव्हता. दरीपलीकडून वाघाच्या डरकाळ्या येत होत्या. वयाने लहान असलेली ती पत्नी पासोडीत स्वतःला घट्ट गुंडाळून भीतीने थरथरत जमिनीवर पडून होती, आणि शास्त्रीबुवा उजाडेपर्यंत पहारा करीत बसले होते. एका स्त्रीला अक्षर शिकवण्यासाठी एवढी किंमत त्या काळी मोजावी लागली.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना ह्या कुटुंबाने रान सोडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून त्यांना घाटाखाली आणण्यात आले. तेव्हापासून त्यांचे बालपण तीर्थयात्रेतच गेले. देवळात वा घाटावर पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम होता. चालता चालता आईने मुलीला संस्कृत शिकवले आणि हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. जवळचे होते नव्हते ते विकून संपले. कष्टाचे काम करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा कात्रीत हे सुशिक्षित कुटुंब सापडले. तिरुपतीच्या रानात पाने खाऊन दिवस काढले. पवित्र तळ्यात देह ठेवावा, इथवर वडिलांच्या मनाची तयारी झाली होती. तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि मिळेल ते काम करीन म्हणाला. परंतु १८७४ मध्ये वडील गेले आणि त्यांच्यामागोमाग आईही गेली.

आईच्या अखेरच्या दिवसांतली एक आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. तापाने फणफणलेल्या आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला त्या शेजारच्या ब्राह्मण बाईकडे गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने न सांगता ओळखले आणि भाकरी दिली. ती आईपर्यंत पोचली खरी, पण आईला खाणे शक्य राहिले नव्हते. आईच्या अंत्ययात्रेला खांदा द्यायला पुरेशी माणसेसुद्धा मिळाली नाहीत. दोन ब्राह्मण कसेबसे पुढे आले, तेव्हा उरलेला भार बहीणभावाने उचलला. रमाबाई उंचीने लहान, तिरडी खांद्यावर समतोल राहीना. म्हणून आपल्या वाट्याचा भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैल चालल्या.

पुढे थोरली बहीणही गेली. मग उरलेले हे दोघे दक्षिणेहून थेट काश्मीरच्या दिशेपर्यंत आणि तिथून कलकत्त्यापर्यंत हजारो मैल पायी फिरले. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर घ्यायला काही नव्हते. तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून, त्यात आडवे होऊन, डोके तेवढे बाहेर ठेवून ते अंगावर वाळू ओढून घेत. १८७८ मध्ये ही दोघे कलकत्त्यास पोचली. तिथल्या विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. गोष्ट इथे संपली असती तरी ती थरारक ठरली असती. तिचे मर्म मात्र पुढे आहे.

वाळूतून उठून पुन्हा दुष्काळात

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चाललेले एक आश्रयगृह पाहिले. अशा स्त्रियांची मायेने सेवा होते हे पाहून त्या थक्क झाल्या, आणि असे का करता, म्हणून त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले आणि पुढे ते पुण्यास नेले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी रमाबाई काही संकटात सापडलेल्या नव्हत्या. पुण्यात संस्था होती, नाव होते, परदेशातून मदत येत होती. त्यांनी वर्गणी पाठवली असती तरी कुणी बोट ठेवले नसते. पण आपल्या कुटुंबाची उपासमार त्यांना आठवली आणि त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. निराधार मुलींचा गैरफायदा घेणारी माणसे तिथे टपूनच होती. अन्नछत्रे आणि रस्त्यांच्या कडा धुंडाळून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया बरोबर आणल्या. पुण्यात प्लेगचे कडक नियम लागू होते, तेव्हा ह्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग पुण्यापासून सुमारे ५५ कि.मी. अंतरावरच्या केडगावला घेतलेल्या जमिनीवर झाडांखाली आणि तंबूंत त्यांची सोय झाली. हीच पुढे ‘मुक्ती’ संस्था म्हणून नावारूपाला आली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे ह्या मुली शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतरही तिथल्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापले गेले.

ज्या मुलीला भाकरी मागताना शब्द फुटला नव्हता, तीच स्त्री पुढे दोन हजार माणसांच्या भाकरीची चिंता वाहू लागली. मागणे किती कठीण असते हे ठाऊक असल्यामुळेच मुली मागायला येण्याची वाट तिने पाहिली नाही. ती स्वतः त्यांच्यापर्यंत चालत गेली.

दोरीचे दुसरे टोक

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे देहावसान झाले. त्याच वेळी एव्हरेस्टकडे इंग्रजांची मोहीम निघाली होती आणि तीत हॉवर्ड सॉमरव्हेल नावाचा बत्तीस वर्षांचा शल्यचिकित्सक होता. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सोमच्या लढाईत, त्याने जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. शेकडो जखमी उघड्या मैदानात पडलेले असत. कुणाला आधी आत न्यायचे हे डॉक्टर ठरवीत, आणि आपला नंबर आधी लावा असा हट्ट एकानेही केला नाही, ही गोष्ट त्याच्या मनावर कायमची कोरली गेली.

१९२२ च्या मे महिन्यात सॉमरव्हेल, मॅलरी आणि नॉर्टन कृत्रिम प्राणवायूशिवाय सुमारे २७,००० फुटांवर पोचले. तोवर माणूस एवढ्या उंचीवर चढला नव्हता. पण ७ जूनला पुन्हा वर जात असताना हिमकडा कोसळला आणि सात भारवाहक त्यात मरण पावले. गोरे गिर्यारोहक सारे बचावले. आपल्या साहसाची किंमत ह्या गरीब माणसांनी मोजली, त्यांच्याबरोबर आपल्यातला एखादा तरी का गेला नाही, अशी टोचणी सॉमरव्हेलला लागली.

मोहीम संपल्यावर तो भारत पाहायला दक्षिणेत उतरला. त्रावणकोरातील नेय्यूर येथे (हे गाव आता तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे) लंडन मिशनरी सोसायटीचे रुग्णालय होते. तिथे रोग्यांची अफाट गर्दी होती आणि शस्त्रक्रिया करणारे हात फार थोडे होते. सॉमरव्हेल काही दिवस मदतीला थांबला आणि त्याचा निर्णय झाला. लंडनमध्ये त्याच्यापुढे उत्तम भवितव्य होते. ते सोडून तो नेय्यूरला रुजू झाला. पुढची अनेक वर्षे त्याने तिथे काढली आणि नंतर वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातही शिकवले.

नेय्यूरहूनच तो १९२४ च्या मोहिमेला गेला. त्या वर्षी मे महिन्यात, सुमारे २३,००० फुटांवरच्या छावणीत चार भारवाहक अडकून पडले. मधला उतार ताज्या हिमाचा, केव्हा सुटेल याचा नेम नाही. दोन वर्षांपूर्वी असाच उतार सात जणांना घेऊन गेला होता. मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल त्यांना आणायला निघाले. दोरीला बांधलेला सॉमरव्हेल आडवा चालत पुढे सरकला, पण काही यार्ड राहिले असताना दोरी संपली. चौघांपैकी दोघे त्याच्यापर्यंत पोचले. उरलेले दोघे निघताच पायाखालचे हिम सुटले. ते घसरले आणि कड्याच्या तोंडाशी कसेबसे थांबले. सॉमरव्हेलने हिमकुऱ्हाड बर्फात रोवली, कमरेची दोरी सोडून ती कुऱ्हाडीभोवती घेतली, तिचे टोक एका हातात धरून दुसरा हात लांबवला आणि एकेकाची मानगूट पकडून दोघांनाही वर ओढले. चौघेही वाचले.

त्यानंतर ४ जूनला तो आणि नॉर्टन शिखराकडे निघाले. घशाच्या त्रासाने सॉमरव्हेल मागे थांबला. नॉर्टन एकटाच २८,१२६ फुटांपर्यंत गेला. प्राणवायूशिवाय गाठलेली ही उंची १९७८ पर्यंत कुणी ओलांडली नाही. उतरताना सॉमरव्हेलचा श्वास पूर्ण अडकला. गोठून सुटलेला घशाचा आतला पापुद्रा आडवा आला होता. मरण आले असे समजून तो खाली बसला, छाती दाबून एक अखेरचा जोर केला, तेव्हा तो पापुद्रा बाहेर पडला. चारच दिवसांनी, ८ जूनला, मॅलरी आणि आयर्विन शिखराच्या वाटेवर नाहीसे झाले. सॉमरव्हेल पुन्हा नेय्यूरच्या शस्त्रक्रियागृहात परतला.

ह्यातून काय घ्यावे?

ह्या दोन जीवनांतून तीन गोष्टी स्पष्टपणे हाती लागतात असे वाटते.

पहिली गोष्ट ओझ्याची. प्रत्येक साहसात कुणीतरी ओझे वाहत असते. रमाबाईंनी आईचा भार डोक्यावर घेतला, कारण वाटून घ्यायला दुसरे कुणी नव्हते. एव्हरेस्टवर ओझे शेर्पा आणि भोटिया माणसांनी वाहिले आणि नावे दुसऱ्यांची झाली. सॉमरव्हेलचे मोठेपण हे की हा हिशेब त्याला दिसला, आणि १९२४ मध्ये तो फेडण्याची वेळ आली तेव्हा त्याने कमरेची दोरी सोडली. एकमेकांची ओझी वाहणे हा ख्रिस्ती नीतीचा पायाच मानला जातो. आपल्या सहलीत पाण्याची घागर कोण उचलतो, शेवटी राहिलेल्या मुलीसाठी कोण थांबतो, वाट दाखवणाऱ्या पावरा तरुणाला आपण काय देतो आणि कोणत्या शब्दांत हाक मारतो, ह्या साध्या गोष्टींतही हाच प्रश्न असतो.

दुसरी गोष्ट घेण्याची. ‘देणारा थोर’ हे आपण लहानपणापासून शिकतो. रानात आणि दुष्काळात माणसाला घ्यावे लागते, आणि ते फार अवघड असते. दारात उभ्या राहिलेल्या रमाबाईंना ते जमत नव्हते. विहिरीवरचा ख्रिस्त मात्र संकोच न करता पाणी मागतो, आणि त्या मागण्यानेच समोरच्या स्त्रीला माणूस म्हणून मान देतो. ज्याने कधी घेतलेलेच नाही, त्याच्या देण्यात उपकाराचा वास राहतो. मुक्तीतल्या मुलींना रमाबाईंनी हातात काम दिले, कला शिकवली, स्वतःच्या पायावर उभे केले, याचे मूळ त्या भाकरीच्या तुकड्यात असावे.

तिसरी गोष्ट परत जाण्याची. संकटातून सुटलेला माणूस सहसा मागे वळून पाहत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. रमाबाई मात्र ज्या भुकेतून निसटल्या होत्या त्या भुकेच्या मुलखात वीस-बावीस वर्षांनी आपण होऊन शिरल्या. सॉमरव्हेलही शिखर हुकल्याची हळहळ उराशी धरून बसला नाही. रोग्यांच्या रांगेकडे परतला.

दोन शंका

इथे दोन शंका कुणीही काढील, आणि त्यांना बगल देणे बरोबर होणार नाही.

पहिली शंका अशी की, दुःख माणसाला थोर करते असे म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. त्याच दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यांना भुकेने काही शिकवले नाही, मारले. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण त्यांतच गेली. रमाबाईंनीही आपल्या हालांचे गोडवे कधी गायले नाहीत. उलट तीर्थाटनातून आपल्याला अपेक्षित ते मिळाले नाही, असेच त्यांनी लिहिले. म्हणून दुःखाला शिक्षक म्हणण्यापेक्षा, दुःखातून वाचलेल्याने त्या आठवणीचे काय केले हे पाहणे योग्य.

दुसरी शंका धर्मांतराची. रमाबाईंच्या कार्यावर त्यांच्या हयातीतच वादळ उठले. १८९३ मध्ये शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती वळण लागते असा आरोप झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. निराश्रितांना आधार देणाऱ्याने त्यांच्या श्रद्धेबाबत किती जपावे, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे. मात्र शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि त्यांनी कर्व्यांच्या विधवा-शिक्षणाच्या कार्याला हातभार लावला, हेही त्याच संस्थेचे फळ आहे. आणि खानदेशाला ख्रिस्ती घराची ओळख नवी नाही. आपल्या धरणगावी जन्मलेले बालकवी ठोंबरे नगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या आठवणी लिहिल्या आहेत. असोद्याशेजारच्या भादली स्टेशनाजवळ १९१८ मध्ये त्यांचा रेल्वेखाली अंत झाला. धर्म न बदलताही एकमेकांच्या अंगणातले चांगले ते घेता येते, एवढे त्या नात्यावरून म्हणता येईल.

आपल्या वाटेवर

हा पाठ आपल्याला अगदी परका नाही. आपल्या जिल्ह्यातून मुक्ताईची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. वारीत पुढे पोचण्याची शर्यत नसते. थकलेल्याला सोबत घेऊन चालायचे असते. ज्यांच्या माहेरपणामुळे आमच्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले त्या बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० चा, म्हणजे रमाबाईंनी भाऊ गमावला त्याच वर्षाचा. एक संस्कृत पंडिता, दुसरीला अक्षरओळख नाही. पण दोघींनाही तरुणपणी वैधव्य आले आणि दोघींनीही उन्हातान्हात जे सोसले त्याचे कडूपण दुसऱ्याच्या पदरात टाकले नाही. बहिणाबाईंनी शेतातल्या कष्टांतून ओव्या दिल्या, रमाबाईंनी दुष्काळातून घर उभे केले.

तेव्हा यंदाच्या सहलीला जाताना एक करता येईल. उतरल्यावर पायथ्याच्या पाड्यात थोडा वेळ थांबावे. कुणाच्या विहिरीचे पाणी आपण प्यालो, कुणाच्या अंगणात भाकर सोडली, त्यांची नावे विचारून घ्यावीत. तिथल्या शाळेत पुस्तके आहेत का, दवाखाना किती लांब आहे, उन्हाळ्यात त्याच विहिरीला पाणी राहते का, हे पाहून यावे. आणि आपल्या एन.एस.एस.चे पुढचे शिबिर कुठे घ्यायचे याची चर्चा निघाली की तो पाडा आठवावा. डोंगर चढून आलेली आपल्यातली दहा मुले-मुली जरी अशी एकदा परत गेली, तरी त्या सहलीचे सार्थक झाले असे म्हणायला हरकत नाही.